व्हाळाचं तांबडं पाणी, बंद खाण आणि दादरला उतरलेली एक बाटली

ब्युरेट | १७ मे, रात्री १०:५२

मागच्या रविवारी माझा मामेभाऊ तुतारीने दादरला उतरला. हातात आंब्याची पेटी आणि पेटीला सुतळीने बांधलेली बिसलेरीची बाटली. आंबे घरच्यांसाठी, बाटली माझ्यासाठी. "ताई, आमच्या व्हाळाचं पाणी आहे. तुझ्या लॅबमध्ये खाणीचं अ‍ॅसिड निघतं का बघ."

गाव सिंधुदुर्गात, नाव लिहीत नाही. गावाच्या वर लोखंडाची खाण होती, ती कित्येक वर्षं बंद आहे. खड्ड्याचं तळं झालंय, शेजारी उपसून टाकलेल्या मातीचे ढीग, आणि त्या ढिगांच्या पायथ्याशी व्हाळ, म्हणजे ओढा. व्हाळात जागोजागी केशरी चिखल, दगडांवर बुळबुळीत थर, साचलेल्या पाण्यावर तेलासारखा तवंग. पांढऱ्या कपड्यांना पिवळी झाक येते म्हणून बायकांनी तिथे धुणं न्यायचं सोडलं. कोणीतरी गावच्या ग्रुपवर अमेरिकेतल्या पिवळ्याधमक नदीचा व्हिडिओ टाकला आणि 'आपलंही तेच' असं ठरून गेलं.

बाटली ओट्यावर ठेवून मी बघत बसले. वरचं पाणी नितळ, तळाला गेरू. अठरा वर्षं अंधेरीत पाण्याचे नमुने तपासतेय. भावाला सांगितलं, ही बाटली तपासण्यात काही अर्थ नाही. तो रागावला. त्याने ती रात्रभर मांडीवर धरून आणली होती.

जमिनीखाली हवा नसते, तिथे लोह पाण्यात विरघळून राहतं. पाणी उघड्यावर आलं की ऑक्सिजन लागतो आणि तेच लोह गंजासारखं होऊन तळाला बसतं. गाडी चिपळूण-पनवेल करत आली तोवर बाटलीत हे सगळं उरकलं होतं. आता वरचं नितळ पाणी घेतलं तर अहवाल येणार 'लोह मर्यादेत'. हलवून घेतलं तर आकडा आभाळाला. आणि हा गेरू खाली बसताना आर्सेनिक, शिसं असले धातूही स्वतःला चिकटवून नेतो, त्यामुळे वरच्या पाण्यात तेही कमीच दिसणार.

नोकरीला लागले तेव्हा मी हीच चूक केलीय. एका सोसायटीच्या बोअरचं पाणी, कॅनमधून वरचंवरचं अलगद ओतून घेतलेलं. शेरा 'योग्य', खाली माझी सही. महिन्याभराने सेक्रेटरी पिवळा पडलेला बनियन घेऊन लॅबच्या दारात.

नमुना घ्यायचा तर असा: पीएच (७ म्हणजे ना आम्ल ना अल्क, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त), तापमान, विद्युतवाहकता जागेवरच मोजायची. धातूंसाठी आम्लाने धुतलेल्या दोन प्लास्टिक बाटल्या. एकीत पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, दुसरीत न गाळता. दोन्हीत तिथल्या तिथे नायट्रिक आम्लाचे थेंब, पीएच २ च्या खाली जाईल इतके. मग धातू विरघळलेलेच राहतात आणि नमुना सहा महिने टिकतो. तुतारीने आणा नाहीतर बैलगाडीने.

मला पाण्यातलं कळतं, खाणीतलं नाही. इथे खाणकामातले कोणी आहे का? लोखंडाच्या खाणीतून खरंच आम्ल येतं का, आणि येत असेल तर बंद खाण साफ करतात कशी?

---

चहाबाज | १७ मे, रात्री ११:१५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अवांतर: आमच्या मिठीच्या वर एकही खाण नाही, तरी कुर्ल्याच्या पुलावरून रोज नवा रंग दिसतो. २०१७ साली तळोज्याला कुत्री निळी झाली होती ती आठवतात का? रंगावरून निदान करायचं तर मुंबईकर एव्हाना डॉक्टर झाले असते.

---

रेडीकर | १८ मे, सकाळी ७:४०

चहाबाज, विनोद बरा आहे, पण ज्याच्या मळ्यात गाळ भरतो त्याला हसू येत नाही.

मी लालबागला राहतो, मूळ रेडीचा. आमच्याकडे खाण म्हणजे काय ते लहानपणापासून बघितलंय. रेडीचा गणपतीसुद्धा १९७६ साली खाणीच्या भागातच सापडला. ट्रक, बार्ज, बंदर, सगळं खाणीवर चाललं. माझ्या वडलांचा पगार तिथलाच, माझं शिक्षण त्यातलंच. म्हणून खाण वाईट म्हणताना जीभ अडखळते.

पण एक सांगतो. आमच्या आजीचं म्हणणं होतं, "पाणी तांबडा झाला म्हणान ता खाणीचाच असता असा नाय." जांभ्याच्या मुलखात खाण नसलेल्या कडेलाही झऱ्यावर केशरी शेवाळ येतं. ताई, तुमच्या भावाला खाणीच्या वरच्या अंगाला एखादा झरा शोधायला सांगा. तिथेही तसंच असेल तर काय म्हणणार?

---

ब्युरेट | १८ मे, सकाळी ९:०५

रेडीकर, आजींना दंडवत. वरचा नमुना नसेल तर खालच्याला काही अर्थ नाही, आणि हे मी लिहायलाच विसरले.

तवंगाचीही एक घरगुती परीक्षा आहे. काठीने ढोसायचं. तेल असेल तर फाटून परत मिळून येतं, रंग फिरतात. लोह खाणाऱ्या जिवाणूंचा तवंग असेल तर पापडासारखे तुकडे होतात आणि ते तसेच वेगवेगळे राहतात.

---

सह्याद्री५१ | १८ मे, दुपारी ३:३०

भूविज्ञान शिकलो, तीस-बत्तीस वर्षं खाणींत काढली, आता मुलुंडला नातवंडं सांभाळतो. जरा लांबण लागेल.

आम्ल लोखंडामुळे येत नाही, गंधकामुळे येतं. खडकात पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज असलं, दिसायला सोन्यासारखं, तर ते जमिनीखाली लाखो वर्षं गुपचूप पडून असतं. आपण बोगदे खणतो, त्याला हवा आणि पाणी मिळतं, आणि गंधकाम्ल तयार होतं. सुरुवातीला हे हळू चालतं. मग त्यात लोहावर जगणारे जिवाणू शिरतात आणि तीच क्रिया लाखो पटींनी वेगाने होते. आम्ल वाढलं की तांबं, जस्त, कॅडमियम जे शेजारी असेल ते विरघळवून घेतं. खाण बंद केली म्हणून हे थांबत नाही. उलट चालू खाणीत पंप असतात, पाणी उपसलं जातं. पंप बंद झाले की पाणी चढतं आणि सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडतं.

म्हणून मलांजखंड, खेत्री अशा तांब्याच्या खाणींत आम्लाची काळजी करावी लागते, कारण तिथलं खनिज गंधकाचं. गोवा-सिंधुदुर्गातलं लोहखनिज बहुतांशी हेमेटाइट, म्हणजे आधीच गंजलेलं. त्यातून आम्ल कशाला निघेल? तिथलं दुखणं गाळाचं. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती उपसून बाजूला टाकलेली असते, आणि आपला पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. अमेरिकेतला व्हिडिओ कोकणाला लावणं म्हणजे मलेरियाच्या रोग्याला कावीळ ठरवणं. ताप दोघांनाही येतो.

तरी एक इशारा. आम्लाच्या पाण्यात पीएच खूप खाली असला की लोह विरघळूनच राहतं. पाणी कितीदा तरी स्वच्छ, हिरवट-निळसर, सुंदर दिसतं. पुढे चांगला ओढा येऊन मिळतो, आम्ल सौम्य होतं आणि तेव्हा केशरी साका पडतो. म्हणजे जिथे रंग दिसतो तिथे पाणी थोडं सुधारायला लागलेलं असतं. आणि लोह बसलं तरी जस्त तितक्यात बसत नाही, ते न दिसता पुढे जातं. माणसाला पिण्याच्या पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम जस्त चालतं, मासे त्याच्या लहानशा अंशानेच मरतात. त्यात कोकणातलं पाणी मऊ. पाण्यात कॅल्शियम कमी असलं की तांबं-जस्त माशांना जास्तच बाधतं.

---

ब्युरेट | १८ मे, दुपारी ४:१०

काका, वाचनखूण साठवली. आम्लाचं निघालंच आहे तर: कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत उणे ३.६ पीएचचं पाणी मोजलंय. उणे! शाळेत ० ते १४ पाठ केलेल्या आम्हा लोकांना हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

---

डेन्व्हरवासी | १९ मे, पहाटे ५:२०

माहेर पार्ल्याचं, सध्या कोलोरॅडोत. तो पिवळ्या नदीचा व्हिडिओ बहुतेक आमच्याकडचाच आहे, म्हणून लिहायला बसले.

५ ऑगस्ट २०१५. सिल्व्हरटन गावाच्या वर गोल्ड किंग नावाची जुनी सोन्याची खाण. तोंड ढासळून बंद झालेलं, आत पाणी तुंबलेलं. पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएनेच, नेमलेली माणसं पाहणीसाठी तोंडाजवळ खोदत होती आणि आतला दाब सुटला. सुमारे १ कोटी १३ लाख लिटर पाणी सिमेंट क्रीकमधून अ‍ॅनिमस नदीत. खाली न्यू मेक्सिकोत नवाहो शेतकऱ्यांना पाट बंद करावे लागले. साफ करायला आलेल्यांच्याच हातून झालं हे, ते त्या व्हिडिओत कोणी सांगत नाही.

पण मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्याच डोंगरात शेजारी सनीसाइड खाण होती, ती १९९१ ला बंद झाली. तिचं पाणी अमेरिकन टनेल नावाच्या बोगद्यातून येई आणि कंपनी ते शुद्ध करत बसे. असं किती वर्षं करणार? १९९६ मध्ये बोगद्यात काँक्रीटचं बूच मारलं. डोंगराच्या आत पाणी चढत गेलं आणि पुढच्या काळात गोल्ड किंगसारख्या वरच्या, आधी फारसं पाणी नसलेल्या खाणींतून जास्त वाहायला लागलं. बुचांशी त्याचा संबंध नेमका किती यावर कोर्टात वकिलांची पोटं भरली.

पुराचा पिवळा रंग काही दिवसांत ओसरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वर शुद्धीकरण केंद्र सुरू झालं, चुना घालून धातू खाली बसवायचे. २०१६ मध्ये आसपासच्या ४८ जागा मिळून सुपरफंड यादीत, म्हणजे सरकारने साफ करायच्या जागांच्या यादीत, गेल्या. केंद्र अजून चालूच आहे, आणि चुन्याने खाली बसलेला गाळ कुठे टाकायचा हा वाद वेगळाच.

---

चहाबाज | १९ मे, सकाळी ८:०२

म्हणजे कंपनी आधी चुना लावून जाते आणि मग सरकार जन्मभर चुना टाकत बसतं.

---

सह्याद्री५१ | १९ मे, सकाळी ११:४५

चहाबाज, या वाक्यावर माझ्या खात्यातला एक चहा.

चुन्याशिवायही मार्ग आहेत. पाणी चुनखडीच्या चरातून न्यायचं. पण चर झाकलेला हवा, हवा लागली की चुनखडीच्या दगडावर गंजाचं कवच बसतं आणि दगड असून नसल्यासारखा होतो. किंवा शेणखत-कंपोस्ट भरलेल्या तळ्यातून झिरपवायचं. तिथले जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात आणि जस्त-कॅडमियम त्याच्याबरोबर अडकून बसतं. इंग्लंडमध्ये फोर्स क्रॅग खाणीवर २०१४ पासून असं तळं चालवतात. वीज लागत नाही, पण जागा लागते आणि काही वर्षांनी भरण बदलावं लागतं.

बूच मारण्याबद्दल डेन्व्हरच्या ताई म्हणतात ते खरं. कॉर्नवॉलमध्ये व्हील जेन ही कथलाची खाण १९९१ ला बंद झाली, पंप थांबले, आणि जानेवारी १९९२ मध्ये साठलेलं पाणी फुटून खाडीत गेलं. तिथेही आज पाणी उपसून शुद्ध करावं लागतंच.

हे झालं आम्लाचं. सिंधुदुर्गातल्या ढिगांना इतकी रसायनं नकोत. ढिगाच्या वरून आडवा चर काढून पावसाचं पाणी बाजूने वळवायचं, पायथ्याला दगडी बांध, बांधामागे गाळ बसायला खड्डे, आणि उतारावर गवत. खड्डे दर उन्हाळ्यात उपसायचे. हे शेवटचं कोणी करत नाही. पहिल्या वर्षी फोटो निघतो, तिसऱ्या वर्षी खड्डा भरून वाहतो.

---

वकिलीणबाई | १९ मे, रात्री ९:३०

पैसे कोणाचे हा प्रश्न अजून कोणी विचारला नाही, म्हणून मी.

अमेरिकेत कोळशाच्या जुन्या खाणींसाठी १९७७ पासून टनामागे शुल्क घेऊन निधी उभा केला जातो. सोनं, चांदी, तांब्याच्या खाणींना असा निधीच नाही. तिथे अजून १८७२ चा कायदा चालतो, ज्यात सरकारी जमिनीवरच्या खनिजाला स्वामित्वधन (रॉयल्टी) नाही. बेवारस खाणींची जबाबदारी घ्यायला कोणी नाही. आणि गंमत म्हणजे एखाद्या संस्थेने स्वतःच्या खर्चाने ते पाणी सुधारायला हात लावला, तर पाणी-प्रदूषणाच्या कायद्याने तीच प्रदूषक ठरण्याची भीती. म्हणून मासेमारीच्या शौकिनांची ट्राउट अनलिमिटेड ही संस्था वर्षानुवर्षं सूट मागत होती. डिसेंबर २०२४ मध्ये तसा कायदा झाला. सध्या तोही चाचणीपुरता, ७ वर्षं आणि जास्तीत जास्त १५ परवाने.

आपल्याकडे खाण बंद करताना अंतिम खाण-समाप्ती आराखडा भारतीय खाण ब्युरोकडून मंजूर करून घ्यावा लागतो. त्यासाठी हमीची रक्कम आधीच ठेवायची असते. २०१७ च्या नियमांत मोठ्या खाणींना हेक्टरी ३ लाख होती, २०२१ मध्ये ५ लाख केली. पण कागदपत्रांतला घोळ जुन्या खाणींचा. हे आराखडे २००३ पासून आले. त्याआधी काम सोडून गेलेल्यांचं काय? कोलारची सोन्याची खाण २००१ ला बंद झाली. सायनाइडच्या मातीचे ते डोंगर गावाच्या उशाला अजून उभे आहेत, आणि ती खाण तर सरकारीच होती.

ब्युरेटताई, भावाला सांगा: पहिल्यांदा खाणीचा पट्टा, म्हणजे भाडेकरार, कोणाच्या नावावर होता, कधी संपला, आराखडा मंजूर झाला होता का, हे माहिती अधिकारात मागवायचं. पट्टेधारक सापडलाच नाही तर जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणबाधित गावांसाठी हा निधी आहे, पिण्याचं पाणी आणि पर्यावरण त्यात अग्रक्रमावर. पण नुसता 'पाणी खराब आहे' असा अर्ज केलात तर फायलीत जाईल. वरचा नमुना, खालचा नमुना, तारीख, पावसाआधी, पावसानंतर, हे जोडा.

---

रेडीकर | १९ मे, रात्री १०:१२

माहिती अधिकार करा, अर्ज करा, आराखडा बघा. सगळं गावातल्या माणसाने करायचं. ढीग टाकताना कोणी अर्ज केला होता का?

राग तुमच्यावर नाही, वकिलीणबाई. तुम्ही सांगता ते बरोबरच आहे. मी दोन वेळा ग्रामसभेला मुंबईहून रजा काढून गेलोय, तिथे एकच विषय: खाण परत कधी सुरू होणार. पोरांना काम नाही. व्हाळाचा विषय काढला की म्हणतात, तू बाबा परळला नळाचं पाणी पितोस.

---

ब्युरेट | २३ मे, रात्री ११:००

बाटल्यांचा संच भावाबरोबर परत पाठवला. फिल्टर, आम्लाचे ड्रॉपर (हातमोजे घालून, हे तीनदा लिहून दिलं), आणि एक खिशात मावणारा पीएच मीटर. प्रवाह मोजायला नारळाच्या सोडणाचा तुकडा. दहा मीटर अंतर आखून घ्यायचं, तुकडा किती सेकंदात जातो ते मोबाइलवर बघायचं, रुंदी-खोली मोजायची. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात धावतं म्हणून येणाऱ्या वेगाला ०.८५ ने गुणायचं. नुसतं लिटरला किती मिलिग्रॅम हे कळून भागत नाही. पावसात पाणी वाढलं की आकडा कमी दिसतो आणि लोकांना वाटतं सुधारलं, पण एकूण माल कितीतरी जास्त वाहून गेलेला असतो.

तीन जागा: खाणीच्या वरचा झरा, ढिगाच्या लगेच खाली, आणि गावाच्या पाणवठ्याच्या विहिरीजवळ. एकदा आत्ता, एकदा पहिल्या मोठ्या पावसात. पहिला पाऊस चुकवायचा नाही, कारण उन्हाळाभर ढिगावर साठलेलं सगळं तो एका दिवसात खाली आणतो.

---

ब्युरेट | २१ जून, रात्री ११:३५

धागा वर काढतेय. दोन्ही फेऱ्या तपासून झाल्या.

पीएच तिन्ही जागी ६ च्या आसपास. म्हणजे सह्याद्रीकाका जिंकले, आम्ल नाही. काठीने ढोसल्यावर तवंगाचे तुकडे झाले, भावाने व्हिडिओ पाठवलाय. आणि रेडीकरांच्या आजीही जिंकल्या: खाणीच्या वरच्या झऱ्यावरही तोच केशरी थर आणि जवळजवळ तेवढंच लोह. ते जांभ्याचं आहे, खाण नसती तरी असतं.

पहिल्या पावसात वरच्या झऱ्याचं पाणी जरासं गढूळ, ढिगाखालच्या बाटलीतून हात दिसेना. गाळ ढिगाचाच, यात वाद नाही.

पण मी बघत बसले ते तिसऱ्याच आकड्याकडे. मँगनीज. वरच्या झऱ्यात नगण्य. ढिगाखाली आणि विहिरीजवळ गाळलेल्या, नितळ पाण्यातसुद्धा पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर. ती ०.१ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३, आणि नमुने दोन्हीच्या वर. मँगनीज लोहासारखं भराभर खाली बसत नाही, या पीएचला तर नाहीच. सगळा गाव केशरी चिखलाकडे बघत होता, मीही मे महिन्यात ओट्यावर बसून तेच बघत होते. त्या बाटलीतलं वरचं काचेसारखं पाणी मी तपासलंच नाही.

भावाला फोन केला तर म्हणाला, ढिगाखालच्या दगडांवर काळं काहीतरी बसतं, काजळीसारखं, आम्हाला वाटलं कुजलेली पानं.

---

सह्याद्री५१ | २२ जून, सकाळी ६:५०

त्या पट्ट्यात लोहाबरोबर मँगनीजही आहे, मला सुचायला हवं होतं. गाळासाठी सांगितलेला चर आणि बांध करायचाच, पण विरघळलेलं मँगनीज बांधाने अडणार नाही. पाणी उथळ, दगडगोट्यांवरून खळखळत न्यावं लागेल, हवा लागून दगडांवर काळा थर बसला पाहिजे. विहीर मात्र आत्ता तपासा. काठावरचं नको, बादलीने खालून काढलेलं.

---

वकिलीणबाई | २२ जून, सकाळी १०:१५

विहिरीचा नमुना लॅबच्या शिक्क्याने, नमुना घेताना ग्रामसेवकाची सही. अर्जाचा मसुदा मी करते, फी म्हणून एक पेटी. आता पुढच्या मोसमातली.

---

रेडीकर | २२ जून, दुपारी १:३०

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने गावी चाललोय, रविवारी परत निघणार. ब्युरेटताई, विहिरीच्या बाटल्या मी आणतो. भावाला सांगा, थर्माकोलच्या डब्यात घालून सावंतवाडी स्टेशनावर आणून दे. सोमवारी सकाळी दादरला उतरलो की अंधेरीला पोचवून मग कामावर जाईन.

---

चहाबाज | २२ जून, दुपारी १:३४

सुतळी नको हो. सेलोटेप.